तक्रारीचा टाळ

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पोहोचते. दिवसभर चाललेल्या दिंड्या टाळ-मृदंगाच्या गजरात पालखीभोवती येऊन उभ्या राहतात. आवाज इतका, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. मात्र एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. त्या दिंडीला काही सांगायचे आहे, हे सगळ्या तळाला समजते. चोपदार तिच्याकडे जातो आणि गाऱ्हाणे ऐकतो. कोणी क्रम मोडून पुढे घुसलेले असते, कुठे पाण्याचा टँकर पोहोचलेला नसतो, कुठे उतरण्याच्या जागेवरून वाद झालेला असतो. त्यावर निवाडा होतो, निदान निवाड्याचे वचन मिळते, आणि मग त्या दिंडीचे टाळ थांबतात. त्यानंतर दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती. हिला समाजआरती म्हणतात.

वारीवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. रिंगणाची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात, दिवेघाटातली वळणे आता ड्रोनमधून दिसतात. समाजआरतीचे छायाचित्र क्वचितच दिसते. मला मात्र वारीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. देवाची आरती सुरू होण्याआधी माणसांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, आणि त्याही चारचौघांत, हा क्रम कोणीतरी विचारपूर्वक लावला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आरती अडवून धरण्याचा हक्क आहे. लाखो माणसे अडीचशे किलोमीटर एकत्र चालतात, उघड्यावर झोपतात, एकाच टँकरचे पाणी पितात आणि तरीही सोहळा मोडत नाही, याचे कारण केवळ भक्तीत शोधणे मला अपुरे वाटते. त्या भक्तीला रोज रात्री एक दुरुस्तीची वेळ ठरवून दिलेली आहे.

हे पुस्तक त्या दुरुस्तीच्या वेळेविषयी आहे. समाजाची सामायिक मूल्ये आजच्या रोजच्या जगण्यात कुठे दिसतात, असा प्रश्न घेऊन मी लिहायला बसलो, तेव्हा भाषणांत येणारी मूल्ये बाजूला ठेवायची हे पहिल्यांदा ठरवले. समता, बंधुता, माणुसकी हे शब्द कोणीही कुठेही वापरू शकतो. मला पाहायचे होते ते हे, की सकाळी डबा कोण उचलतो, खानावळीचे पैसे पगार होईपर्यंत कोण थांबवते, सोसायटीच्या टाकीतले पाणी कसे वाटले जाते, आणि यातले काही बिघडले तर माणूस कोणाकडे जातो. मूल्य तिथे असते किंवा नसते. पुढच्या प्रकरणांत मी वारीपासून सुरुवात करून मुंबईच्या डबेवाल्यांकडे, गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांकडे आणि खानावळींकडे, आणि शेवटी सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे आलो आहे. हा प्रवास मनाने जुळवलेला नाही. माणसेच त्या वाटेने गेली. पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली माणसे मुंबईत आली ती आपली भजने, आपली जत्रा आणि आपली भिशी घेऊन आली.

वारीविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण बाकीच्या साऱ्याचा पाया तिथे आहे. पंढरपूरला पायी जाण्याची रीत ज्ञानेश्वरांच्याही आधीची मानतात. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सुरू केली. आज दिसणारी ज्ञानेश्वरांच्या पालखीची घडण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे आणि ती हैबतबाबा आरफळकर यांची. सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. लष्करातल्या माणसाची नजर त्या घडणीत जागोजाग दिसते. कोणत्या दिंडीने कोणत्या क्रमांकावर चालायचे, रथापुढे किती आणि रथामागे किती, अश्व कोणी पुरवायचे (बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांकडे तो मान आजही आहे), कोणत्या गावी किती वाजता निघायचे, सगळे बांधलेले. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे दोनशेहून अधिक. प्रत्येक दिंडीत पताकावाले, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. प्रत्येकाची जागा ठरलेली. जेवणाखाण्याच्या खर्चाची वर्गणी आधीच भरायची असते, तिला पुष्कळ दिंड्यांत भिशीच म्हणतात.

मी हा तपशील देतो आहे तो कौतुकासाठी नाही. दोन अनोळखी वारकरी वाटेत भेटले की एकमेकांच्या पायाला हात लावतात, वय, पैसा, शिक्षण न विचारता. ही कृती सुंदर आहेच, पण ती टिकते त्यामागे क्रमांक, वेळ, वर्गणी आणि गाऱ्हाण्याची सोय अशी चौकट आहे. नुसत्या सद्भावनेवर पंधरा-वीस दिवस कोणी कोणाच्या पाया पडत नाही. चौथ्या दिवशी पावसात भिजलेली सतरंजी कोणाची, यावरून भांडण होतेच. ते भांडण कुठे न्यायचे हे ठाऊक असल्यामुळे पाचव्या दिवशी सकाळी माणूस पुन्हा वाकू शकतो.

आता याच वारीची दुसरी बाजू. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. महाराष्ट्र म्हणजे ज्या भूमीतली माणसे पंढरीला जातात ती भूमी, अशी व्याख्या त्यांना या वाटेवर सुचली, आणि तिचा दाखला आपण सगळेच देतो. त्याच लेखात त्यांनी नोंदवलेली खंत मात्र फारशी कोणी सांगत नाही. दिवसभर एकत्र अभंग म्हणणारी माणसे मुक्कामाला आली की जातीजातीने वेगळी चूल मांडत आणि वेगळी जेवत. कर्वेंना ते बोचले, आणि त्यांनी ते जसेच्या तसे लिहिले. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये पालखीबरोबर गेले आणि त्यांनी ‘पालखी’ लिहिले, त्यातही श्रद्धेइतकीच थकवा, पैशांची चणचण आणि माणसांमधली अंतरे आहेत. या दोन लेखनांना मी माझे गुरू मानतो. कारण दोघांनीही वारीवर प्रेम केले आणि तिला सूट दिली नाही.

चुलीपाशी थांबलेली ती समता मंदिराच्या दारातही थांबली होती. ‘अस्पृश्य’ मानलेल्या समाजातले संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, यांची समाधी देवळाबाहेर नामदेव पायरीजवळ आहे, आणि शतकानुशतके त्यांच्या समाजाच्या माणसांना तिथूनच परत फिरावे लागे. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा काढला, आणि मग मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे देऊळ सर्वांना खुले झाले. देवळाचे पुजारी बडवे आणि उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयात २०१४ च्या जानेवारीत निकाली निघाला. गाडगेबाबांनी आणखी वेगळा रस्ता धरला. ते पंढरपूरचे रस्ते झाडत, कीर्तन करत, पण दर्शनाच्या रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या गावात चोखोबांना आत जागा नव्हती, तिथली त्यांच्या नावाची इमारत शिक्षणाच्या कामाला लागली.

हे तिन्ही प्रसंग मला वारीविरुद्धचे वाटत नाहीत. वारीने जे तोंडाने म्हटले, ते तिच्याकडून करवून घेण्याचे हे प्रयत्न होते. सामायिक मूल्याचा मोठा गुण हा, की ते एकदा चारचौघांत उच्चारले की ज्याला त्यातून वगळले आहे तो माणूसही त्याच मूल्याच्या नावाने जाब विचारू शकतो. साने गुरुजी भागवत धर्माचीच भाषा बोलत होते, म्हणून त्यांचे म्हणणे टाळणे कठीण गेले.

पंढरीच्या वाटेवरून आता मुंबईत येऊ. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू केला, असे डबेवाल्यांच्या संघटनेत सांगितले जाते. कोविडपूर्व काळात सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी नेत होती. त्यांच्या अचूकतेचे आकडे जगभर फिरले, व्यवस्थापनाच्या वर्गांत त्यांची उदाहरणे दिली गेली, हार्वर्डने त्यांचा अभ्यास केला. त्या आकड्यांच्या कौतुकात मला एक गोष्ट हरवलेली दिसते. डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलेली अक्षरे आणि अंक हे तंत्र चांगलेच आहे, पण ते तंत्र कोणीही उचलू शकतो. जे उचलता येत नाही ते असे: गटातला प्रत्येक जण जवळपास सारखाच वाटा घेतो. मुकादम अनुभवाने मोठा असतो, तंटे तोच सोडवतो, पण बहुधा तोही डबे उचलतो. नवा माणूस गावाकडून, ओळखीतून येतो, त्यामुळे त्याने डबा हरवला तर बातमी शेतापर्यंत पोहोचते. कामावर दारू प्यायली, टोपी घातली नाही, तर दंड. आणि चैत्रात गावची जत्रा आली की आठवडाभर सगळे डबे बंद. मुंबईतल्या ग्राहकांनी ही सुट्टी पिढ्यान्‌पिढ्या मान्य केली आहे. उशीर खपवून न घेणाऱ्या या शहरात सेवा देणाऱ्याच्या देवाची सुट्टी ग्राहक पाळतो, हे मला फार मोठे वाटते.

बहुतेक डबेवाले वारकरी परंपरेतले आहेत. भुकेल्याला वेळेवर अन्न पोहोचवणे हे त्यांना सेवेचे काम वाटते, असे ते स्वतः सांगतात, आणि त्यावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. तरी ही व्यवस्था सर्वांसाठी खुली नव्हती आणि नाही, हेही पुढच्या प्रकरणात लिहिले आहे. ओळखीतून भरती म्हणजे ज्याची ओळख नाही त्याला दार बंद. भरवसा जिथून येतो, वगळणेही तिथूनच येते. बायका या कामात अगदी थोड्या आहेत, ज्यांच्या हातचा स्वयंपाक त्या डब्यात असतो त्या तर हिशेबात कुठेच नाहीत.

कोविडने या धंद्याचे कंबरडे मोडले. लोकल बंद, कचेऱ्या बंद, मग घरून काम. पुष्कळ जण गावी परतले, कोणी रिक्षा घेतली, कोणी शेती पाहू लागले. त्याच वर्षांत मोबाइलवरून मागवलेले जेवण घरोघर पोहोचवणारी तरुण मुले रस्त्यावर वाढत गेली. त्यांच्याविषयी मी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ वाटले. ती मुलेही अन्नच पोहोचवतात, तीही घड्याळाशी झुंजतात. पण त्यांना गट नाही, मुकादम नाही, वाटा नाही, जत्रा नाही. त्यांचा दर पडद्यावर बदलतो आणि तो कोणी बदलला हे त्यांना कळत नाही. ग्राहक त्यांना तारे देतो, त्यांना मात्र ग्राहकाबद्दल किंवा कंपनीबद्दल चारचौघांत काही सांगायचे असेल तर उभे राहायला जागा नाही. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांच्या नोंदणीसाठी आणि कल्याणासाठी कायदा केला, तो देशातला पहिला. महाराष्ट्राने, सहकाराचा आणि कामगार चळवळीचा एवढा वारसा असताना, यात पहिले पाऊल टाकायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरणगावावरचे प्रकरण या पुस्तकातले सर्वांत लांब आहे. लालबाग, परळ, वरळी, नायगाव, डिलाईल रोड. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या, एकेक खोली साधारण एकशेसाठ चौरस फुटांची. पुष्कळ खोल्या कुटुंबाच्या नव्हत्याच, त्या गावाच्या होत्या. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे एखादे गाव खोली भाड्याने धरी, आणि मुंबईला आलेला त्या गावचा कोणीही पुरुष तिथे पथारी टाकू शके. तीन पाळ्यांच्या गिरण्या असल्यामुळे एक उठला की त्याच्या जागी दुसरा झोपे. ट्रंका भिंतीला, कपडे दोरीवर, भांडण झाले की गावकीच्या बैठकीत. महिन्याची वर्गणी, गावच्या देवळासाठी वेगळी, कोणी वारले तर मयताच्या खर्चासाठी वेगळी. हे सारे वहीत लिहिलेले असे. शिकलेला एखादा तरुण वही सांभाळी आणि वर्षाला हिशेब वाचून दाखवी. शेतीत अडलेल्याच्या कामाला सगळ्यांनी जाण्याची इर्जिकीची जुनी रीत शहरात या वह्यांच्या रूपाने जगली.

घर सोडून आलेल्या या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक, दोन वेळा, पाळ्यांच्या वेळा सांभाळून. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभर ती बाई वाण्याची उधारी अंगावर घेऊन गिरणीच्या कामगाराला पोसत असे. बँक तिला दारात उभी करत नव्हती, सावकार करत होता. गोवा मुक्तीच्या लढ्यात आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांसाठी. एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. शेजारणीने घेतलेले कर्ज तिने फेडले नाही तर आपली अडचण होईल, हे माहीत असूनही बायकांनी एकमेकींना जामीन दिला. मला या घटनेचे महत्त्व कोणत्याही कारखान्याच्या उद्‌घाटनापेक्षा जास्त वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पगार थांबले. खानावळीच्या थकबाकीचा तो काळ जगलेल्या बायकांनी कामगारांना किती दिवस उधार जेवू घातले, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

याच गिरणगावात कामगारांच्या एकीची एक काळी बाजू होती. कापड खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून ‘अस्पृश्य’ मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे, आणि तेच खाते जास्त पगाराचे. अडवणारे मालक नव्हते, शेजारी काम करणारे कामगार होते. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला आणि संपाच्या पुढाऱ्यांना त्याला तोंड द्यावे लागले. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना त्यांच्याच घोषणेचा अर्थ विचारणे, हे काम तेव्हा त्यांनी केले. गिरणगावाच्या आठवणींनी गहिवरून येणाऱ्या लेखनात हा धोटा सहसा नसतो. माझ्या पुस्तकात तो गिरणगावाच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर आहे.

शेवटचा भाग सोसायट्यांचा. वाचकांपैकी पुष्कळजण हे पान एखाद्या सोसायटीतल्या घरात बसूनच वाचत असतील. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था एक लाखाहून अधिक आहेत. आपण तिथे राहतो, देखभालीचे पैसे भरतो, लिफ्ट बंद पडली की व्हॉट्सअॅपवर रागावतो, पण आपण एका सहकारी चळवळीचे सभासद आहोत याची आठवण आपल्याला क्वचितच होते. मोठ्या घराला एक मत, लहान घरालाही एकच मत, हे तत्त्व आपल्या जिन्यापर्यंत आलेले आहे. प्रवरानगरच्या साखर कारखान्यात १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे तत्त्व शेतकऱ्यांपर्यंत नेले, तेच हे. साखर कारखान्यांचे पुढे काय झाले, काही ठिकाणी ते घराण्यांच्या हाती कसे गेले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सोसायटीचे काय झाले याकडे मात्र आपण बघत नाही.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यायची असते. कोरम भरला नाही की अर्धा तास थांबून, आहेत तेवढ्या सभासदांत तीच सभा पुन्हा सुरू होते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सभा अशा अर्ध्या तासानंतरच्या आहेत. लाखो रुपयांचा पुनर्विकास, पाण्याचे वेळापत्रक, रखवालदाराचा पगार, सारे पंधरा-वीस माणसे ठरवतात आणि उरलेले नंतर कुरकुरतात. कुरकुर आणि तक्रार यांत फरक आहे. कुरकुरीला उत्तर द्यायला कोणी बांधील नसते. तक्रार नोंदीत येते, इतिवृत्तात येते, आणि पुढच्या सभेत तिचा हिशेब मागता येतो. ग्रुपवर रात्री अकरा वाजता टाकलेला संतापाचा मजकूर सकाळी खाली सरकलेला असतो.

आणि इथेही दाराचा प्रश्न आहेच. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती या देशातल्या गृहनिर्माण सहकाराची सुरुवात मानली जाते. श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्यासारख्यांनी भाड्याच्या जाचातून माणसांना सोडवायला ती उभारली, आणि ती एका ज्ञातीसाठी होती. त्या काळी परस्परविश्वासाचा तो एकच आधार उपलब्ध होता, हे मी समजू शकतो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. कायदा काय परवानगी देतो हे त्यातून कळले. शेजारधर्म काय सांगतो हा वेगळा प्रश्न आहे. आज एखाद्या मुसलमान कुटुंबाला, एकट्या राहणाऱ्या बाईला, मासे खाणाऱ्या घराला ‘आमच्याकडे जागा नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणारा बहुधा संस्कृतीचेच नाव घेतो. या पुस्तकात मी त्याच संस्कृतीच्या नावाने त्याला विरोध केला आहे. ज्या प्रदेशात अनोळखी माणसाच्या पायाला हात लावण्याची रीत आहे, तिथे आडनाव ऐकून घर नाकारणे ही परंपरा असू शकत नाही.

वाचकाच्या मनात एक आक्षेप येईल, तो मीच मांडतो. ही सारी उदाहरणे मावळत्या काळातली आहेत, गिरण्या गेल्या, चाळी पाडून उंच इमारती येत आहेत, डबेवाले कमी झाले, मग यांचा आजच्या जगण्याशी संबंध काय? माझे उत्तर असे, की माणसांना एकमेकांवाचून जगता येत नाही ही गरज कुठेही गेलेली नाही. पाळणाघराशिवाय नोकरी करणारी आई कामावर जाऊ शकत नाही, आणि पाळणाघर भरवशावर चालते. टाटा रुग्णालयात उपचाराला आलेल्या खेड्यातल्या माणसाला मुंबईत महिनोन्‌महिने राहावे लागते, आणि गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा त्याला आजही निवारा देते. परदेशांतली महाराष्ट्र मंडळे, लंडनचे तर १९३२ पासूनचे, गणपती आणि दिवाळीपुरती असतात असे आपण समजतो, पण नव्याने आलेल्या कुटुंबाला घर शोधून देणे, कोणी दगावले तर पुढचे सगळे पाहणे, ही कामेही तिथे होतात. गरज आहे तिथे व्यवस्था उभी राहतेच. प्रश्न एवढाच, की त्या व्यवस्थेत वाटा कोणाला, बोलण्याचा हक्क कोणाला, आणि दाराबाहेर कोण.

हे तीन प्रश्न मी प्रत्येक प्रकरणात विचारले आहेत. काही ठिकाणी उत्तर समाधानकारक आले, काही ठिकाणी आले नाही, आणि तिथे मी ते तसेच ठेवले आहे. ज्यांच्या व्यवस्थांविषयी लिहिले त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणून त्यांच्यातले दोष झाकण्याची मला गरज वाटली नाही.

वाचकांना एक विनंती. १९८२ च्या संपात पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याला जेवू घालणारी बाई बहुधा त्याहून मोठी. गावकीच्या खोलीच्या वह्या, भिशीचे हिशेब, खानावळीच्या उधारीच्या नोंदी, दिंडीच्या वर्गणीची पुस्तके अजून काही घरांत माळ्यावर असतील. पुनर्विकासात घर रिकामे करताना त्या रद्दीत जातात. तुमच्या घरी अशी वही असेल तर ती ठेवा, तिची छायाचित्रे काढा, आणि ती लिहिणारे माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून नियम विचारून घ्या: वर्गणी किती होती, भांडण कोण सोडवी, आणि कोणाला त्या वहीत नाव लावू दिले जात नव्हते. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. तरी तो विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा.